खालची गाडी

गावात सगळे त्यांना खिडकीबाई म्हणत. स्टेशनातल्या तिकिटाच्या खिडकीमागे त्या बावीस वर्षं बसल्या होत्या. खिडकी इतकी बुटकी होती की बाहेरच्या माणसाला आतली हनुवटी, दोन हात आणि शाईने निळी झालेली बोटं एवढंच दिसे. त्यामुळे बाई बाजारात समोरून आल्या तर लोक खुशाल बाजूने निघून जात, पण त्यांनी तोंड उघडलं की मागे वळून बघत. तो आवाज गावात सगळ्यांना पाठ होता. "कुठलं देऊ?" हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला होता की घरी पाहुण्यांना चहा हवा की सरबत, हेसुद्धा त्यांच्या तोंडून "कुठलं देऊ?" असंच निघे. त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवत. मास्तरांनी यावरून त्यांची जन्मभर फिरकी घेतली.

गावावरून दोन गाड्या जायच्या. एक वरची, एक खालची. वरची गाडी जंक्शनला आणि तिथून मोठ्या शहराकडे जाई. खालची गाडी गाव सोडलं की नदीवरचा पूल ओलांडायची, दोन बोगद्यांतून जायची आणि डोंगरापलीकडच्या शेवटच्या गावात जाऊन थांबायची. पुढे रूळच नव्हते. त्या शेवटच्या गावात बाईंची धाकटी बहीण दिली होती.

दिली होती म्हणण्यापेक्षा बाईंनीच दिली होती म्हटलं तरी चालेल. आई लवकर गेली, तेव्हा धाकटी सहा वर्षांची आणि बाई पंधरा. वेणी घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत तिचं सगळं बाईंनीच केलं. पुढे स्थळ आलं ते शेवटच्या गावातल्या एका शिंप्याचं. वडील कां कू करत होते. मुलगा बरा आहे, पण गाव अगदी एका टोकाला, पोरीचं काही दुखलंखुपलं तर जायचं कसं? बाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडी आहे ना. एक तास दहा मिनिटं." वडिलांना ते पटलं आणि लग्न ठरलं.

शिंप्याचं दुकान गुरुवारी बंद असे. दर गुरुवारी दहाच्या गाडीने धाकटी यायची आणि चारच्या गाडीने परत जायची. बाईंना रजा थोडीच मिळत होती. धाकटी सरळ तिकीटघरातच शिरायची आणि कपाटाच्या आडोशाला स्टूल ओढून बसायची. हे नियमात बसत नव्हतं, पण स्टेशनमास्तर गुरुवारी तिकीटघराकडे फिरकत नसत. दोघींच्या गप्पा तुकड्यातुकड्यांनी चालत. धाकटी सासूबद्दल काही सांगायला लागली की बाहेरून कुणीतरी दोन पूर्ण, एक अर्धं मागायचं. गाडी येऊन जायची, फलाट रिकामा व्हायचा, आणि मग ते वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू व्हायचं. एकदा धाकटीने आपल्याला दिवस गेल्याचं सांगायला घेतलं आणि नेमकी तेव्हाच एका वऱ्हाडाची रांग लागली. पुढची वीस मिनिटं बाई तिकिटं ठोकत होत्या आणि मागून धाकटी खुसूखुसू हसत होती. बाईंना न सांगताच कळलं होतं.

मग पुलाच्या खांबांना तडे गेल्याचं निघालं. आधी खालच्या गाडीचा वेग कमी झाला, मग दिवसाच्या दोन फेऱ्यांची एक झाली. गाडी रडतखडत चालते म्हणून लोक बसने जाऊ लागले, आणि लोक बसत नाहीत म्हणून गाडी तोट्यात जाऊ लागली. तिच्या तोट्यापायी वर्षभरात दोन्ही गाड्या बंद झाल्याचा कागद फलाटावर चिकटवला गेला. बाईंची बदली तालुक्याच्या पार्सल ऑफिसात झाली. तिकीटघराला कुलूप लागलं. प्रवाशांच्या खोलीत एका व्यापाऱ्याने सिमेंटची पोती रचली, आणि रुळांमध्ये इतकं गवत माजलं की शेरडं पोटभर चरून तिथेच बसू लागली.

रूळ डोंगर पोखरून सरळ जात होते. रस्ता मात्र डोंगराला वळसा घालून जाई. दोनदा बस बदलायची, सहा तास वळणं सोसायची. धाकटीला बस लागायची, आणि बाईंनाही. शिवाय इकडे बाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या अकरा वर्षं. त्या गेल्या तोवर बाईंचे गुडघे गेले. अठरा वर्षांत बहिणी पाच वेळा भेटल्या. त्यातल्या दोन भेटी लग्नातल्या, दोन कुणी गेलं म्हणून. लग्नात बोलायला सवड नसते आणि मरणघरी बोलावंसं वाटत नाही. पाचव्या भेटीत धाकटीला ताप होता.

तरी फोन होता. दर रविवारी दोघी तास तास बोलत. पण चार वर्षांपूर्वी धाकटीचे कान गेले. कानात घालायचं यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारायचं म्हणून तिने खणात टाकून दिलं. समोर चेहरा दिसणारा फोनही करून पाहिला, तर धाकटी तो असा धरायची की बाईंना तासभर नुसतं तिचं कपाळ दिसायचं. मग सूनबाई मध्यस्थ झाली. बाई तिला सांगणार, ती सासूच्या कानात ओरडणार, सासू उत्तर देणार. सूनबाई मनाने चांगली होती. पण काही गोष्टी सुनेच्या तोंडून सांगता येत नाहीत. सुनेबद्दलच्या तर नाहीच नाही. हळूहळू रविवारचं बोलणं प्रकृती आणि हवापाणी यांवर येऊन ठेपलं. फोन ठेवला की बाई बराच वेळ तिथेच बसून राहत. मास्तर मग काहीतरी कारण काढून चहा टाकत.

अशात एक दिवस स्टेशनात मोजमापं घेणारी माणसं आली. त्यांची प्रमुख एक तरुण इंजिनियर होती. फलाटाखालचं पाणी कुठून वाहून जायचं ते तिला कुणी सांगू शकेना. चहावाल्याने तिला खिडकीबाईंच्या घरी पाठवलं. बाईंनी चप्पल पायात सरकवली आणि तिला घेऊन थेट फलाटाच्या टोकाला गेल्या. काठीने गवत बाजूला केलं आणि दगडी गटाराचं तोंड दाखवलं. इंजिनियर खूश झाली. गाडी पुन्हा सुरू करायचा विचार आहे, असं तिने सांगितलं. आधी लोकांना गाडी हवी आहे हे दाखवावं लागेल. त्यासाठी फॉर्म आहेत, कुठे जाणार, किती वेळा जाणार आणि कशासाठी, तीनच प्रश्न. ते गठ्ठ्याने नगरपालिकेत दिलेत.

"वरच्या गाडीचे की खालच्या?" बाईंनी विचारलं.

"दोन्हीकडचे. लोक म्हणतील तसं ठरेल."

पंधरा दिवसांनी बाई नगरपालिकेत गेल्या, तेव्हा अकरा फॉर्म भरून आले होते. त्यातल्या एकात गल्लीतला दिवा बंद असल्याची तक्रार होती. कारकून म्हणाला, लोकांना वेळ कुठे आहे? बाईंनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा उचलला, पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर हिंडायला लागल्या. सकाळी दोन तास, ऊन कलल्यावर दोन तास. गुडघ्यांना पट्टे बांधून.

बावीस वर्षं ज्यांचे फक्त हात आणि खिसे पाहिले होते, त्या माणसांची घरं बाईंनी तेव्हा पहिल्यांदा आतून पाहिली. न्हाव्याच्या आईला दर महिन्याला शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागे. बेकरीवाल्याची मुलगी कॉलेजसाठी शहरात खोली घेऊन राहत होती, गाडी असती तर घरून गेली असती. निवृत्त पोस्टमन एकटाच राहायचा. तो म्हणाला, "मला कुठे जायचं नाही. पण गाडी यावी." असं उत्तर लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. बाईंनी ते समासात लिहिलं.

आठवडाभरात त्यांच्या लक्षात आलं की सगळे वरच्या बाजूला चाललेत. दवाखाना, कॉलेज, कचेरी, नोकरी, सगळं तिकडे. खालच्या बाजूला कोण जाणार? तिकडे कुणाची आत्या होती, कुणाचा जुना मित्र, कुणाचं पडीक रान. दिवसाला एखाददुसरा. घरी आल्यावर बाई दोन चळती करत, आणि एक चळत वाढतच नव्हती.

त्यातच काही जण म्हणायचे, "तुम्हाला वाटेल ते लिहा हो, मी सही करतो." इस्त्रीवाला त्यातलाच. तशा तीन फॉर्मांवर बाईंनी शेवटच्या गावाचं नाव लिहिलं. दर आठवड्याला जाणार, नातेवाइकांना भेटायला. लिहिताना काही वाटलं नाही. घरी येऊन भाकऱ्या करायला बसल्या तेव्हा मात्र मन थाऱ्यावर राहीना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा इस्त्रीवाल्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, कालच सांगितलं ना, काहीही लिहा," तो म्हणाला.

"काहीही लिहिता येत नाही. कुठलं देऊ ते सांगा."

तो हसला, इस्त्री बाजूला ठेवली, विचार करून म्हणाला, शहरात, मुलीकडे. बाईंनी नवा फॉर्म भरला. बाकीच्या दोघांकडेही त्या गेल्या. तेही वरच्या बाजूचेच निघाले.

शेवटी चारशे बारा फॉर्म झाले. खालच्या गाडीचे एकतीस, त्यात एक बाईंचा स्वतःचा. मास्तर दोन्ही चळतींकडे बघत होते. ते सहसा असल्या गोष्टींत पडत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, "पन्नाससाठ इकडचे तिकडे झाले, तर कुणी तपासायला येणार आहे का?"

"येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण खालची गाडी रिकामी धावली तर दोन वर्षांत पुन्हा बंद करतील. आणि मग तिच्याबरोबर वरचीही जाईल. मी पाहिलंय ते एकदा."

मास्तर उठले. फॉर्म बांधायला दोरी त्यांनीच आणून दिली.

निकालाला आठ महिने लागले. नगरपालिकेच्या सभागृहात गाव जमलं. इंजिनियरने वाचून दाखवलं: जंक्शन ते आपलं गाव, प्रवासी गाडी, रोज दोन फेऱ्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचं वाक्य तिला टाळ्या थांबल्यावर वाचावं लागलं. पुलापलीकडच्या मार्गाचा विचार तूर्त नाही. तेवढी मागणी दिसत नाही. पहिल्या वाक्याच्या आनंदात दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. बाईही टाळ्या वाजवत होत्या. बेकरीवाल्याच्या मुलीने त्यांना मिठी मारली, तिच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला.

सभा संपल्यावर इंजिनियर त्यांना शोधत आली. तुमच्यामुळे झालं हे, म्हणाली. इतके नीट फॉर्म कुठूनच आले नव्हते, वरच्या साहेबांनी त्यांवर लगेच विश्वास ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाली की पुलाचा खर्च फार आहे, एकतीस माणसांसाठी तो कुणी मंजूर करणार नाही. बाई म्हणाल्या, बरोबर आहे. आणि घरी न जाता स्टेशनात गेल्या. फलाटाच्या खालच्या टोकाला उभं राहिलं की रुळांचं वळण आणि पुलाची पहिली कमान दिसते. तेवढंच दिसतं. त्या ऊन जाईपर्यंत तिथे होत्या.

रविवारी फोन आला. सूनबाई म्हणाली, "मावशी, आई विचारतायत, गाडीचं काय ठरलं?" मागे धाकटीचा आवाज येत होता, ती ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारत होती, कधीपासून म्हणाली ताई, कधीपासून? बाईंना दिसलं की ही बातमी आता सूनबाई सासूच्या कानात ओरडून सांगणार, आणि शेजारीपाजारीही ऐकणार.

"तिला म्हणावं, मीच येऊन सांगते," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी सोबत येतो म्हटलं, त्यांना नको म्हणाल्या. सहा तासांच्या प्रवासात त्यांना दोनदा उलटी झाली. शेवटच्या बसमधून उतरताना गुडघा इतका आखडला होता की कंडक्टरने हात धरून उतरवलं. धाकटीच्या घराच्या पुढच्या खोलीत अजून शिलाई मशीन होतं. शिंपी चार वर्षांपूर्वी गेला, पण ती त्यावर अजून उशांचे अभ्रे शिवत असे. बाई दारात आल्या तरी तिला ऐकू आलं नाही. ती मशीनवर वाकली होती. केस पार पांढरे झाले होते आणि विरळही. बाईंनी खांद्यावर हात ठेवला. धाकटीने मान वर केली, आणि चष्मा काढून आधी नुसतं बघत राहिली.

"कशाने आलीस?"

"बसने," बाई तिच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाल्या. तो त्यातल्या त्यात बरा होता.

"उलटी झाली?"

"दोनदा."

"मला वाटलंच," धाकटी म्हणाली, आणि रडायला लागली.

सूनबाई समंजस. चहा ठेवून ती बाजारात निघून गेली. बाईंनी धाकटीच्या शेजारी स्टूल ओढलं आणि तोंड तिच्या कानाशी नेऊन सगळं सांगितलं. फॉर्म, चळती, एकतीसचा आकडा. ज्या फॉर्मांवरून ही गाडी नाकारली, ते आपणच भरले हेही सांगितलं. ते तीन फॉर्म बदलल्याचंही लपवलं नाही. धाकटी ऐकत राहिली. मग चाळीस वर्षांत जे कधी बोलून दाखवलं नव्हतं, तेही बाई बोलल्या. "बाबा तुला इतक्या लांब द्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, गाडी आहे ना. माझ्या शब्दावर दिलं त्यांनी."

धाकटी मशीनवरच्या अभ्र्याची घडी घालायला लागली. बाईंना वाटलं, ऐकू आलं नसेल. त्या पुन्हा सांगायला वाकल्या, तशी तिने हाताने थांबवलं.

"मी काय गाडीशी लग्न केलं होतं? मला तो आवडला होता, ताई. बघायला आला तेव्हाच आवडला होता. तू नसतं म्हटलंस, तर मी म्हटलं असतं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कुठे? तुझं आपलं गाडी, गाडी."

बाईंना हसू आलं आणि ते आवरेना. अंगावरून कसलं तरी जुनं ओझं उतरल्यासारखं त्या हसल्या. मग धाकटी म्हणाली, पण आमच्या गावात तर कुणी विचारायला आलंच नाही. फॉर्म कसले, आम्ही नावही ऐकलं नाही.

बाई हसायच्या थांबल्या. त्यांनी लगेच इंजिनियरला फोन लावला. ती ओशाळली. शेवटच्या गावाच्या नगरपालिकेकडून मागणीचं पत्र आलं नाही, म्हणून तिकडे फॉर्म पाठवलेच नव्हते. निर्णय आता फिरणार नाही, पण पुढच्या टप्प्यासाठी फॉर्म भरून आले तर फाईल उघडता येईल, असं तिने सांगितलं. चार दिवसांत तिने गठ्ठा पाठवला.

बाई आठ दिवसांसाठी आल्या होत्या, त्या चोवीस दिवस राहिल्या. रोज सकाळी दोघी निघत. धाकटी दार वाजवायची, कारण गावातलं प्रत्येक दार तिच्या ओळखीचं. जवळजवळ प्रत्येक घरातल्या कुणाचे ना कुणाचे कपडे शिंप्याने शिवले होते. ऐकायचं आणि लिहायचं काम बाईंचं. वाटेत दोन घरांच्या मध्ये धाकटी सांगायची की या घरात कोण, कुणाचं कुणाशी पटत नाही, आणि तेही अशा खणखणीत आवाजात की बाई तिचा दंड दाबून धरायच्या. दुपारी दोघी एकाच चटईवर आडव्या व्हायच्या. अठरा वर्षांत साठलेलं बोलणं त्या बोलत होत्या, आणि सुनेबद्दलचंही एकदाचं बोलून झालं. ते फारसं काही नव्हतंच.

इथल्या माणसांना मात्र खालची गाडीच हवी होती, कारण त्यांच्यासाठी तीच बाहेर पडायची वाट होती. फॉर्म भरले दोनशे अठ्ठ्याऐंशी. धाकटीचा सगळ्यात शेवटी भरला. किती वेळा जाणार, या प्रश्नावर ती म्हणाली, "गाडी येईल तितक्या वेळा. आणि परत इकडे यायचंय असं लिहू नकोस."

बाई निघाल्या त्या दिवशी धाकटी बसथांब्यावर आली नाही. मला बस सुटताना बघवत नाही म्हणाली. दारातच हात धरून उभी राहिली, मग आत जाऊन मशीन चालवायला लागली. गल्लीच्या टोकापर्यंत तो आवाज बाईंना ऐकू येत होता.

वरची गाडी गेल्या वर्षी सुरू झाली. पोती हलवली, गवत काढलं, तिकीट आता यंत्रातून मिळतं. पहिल्या दिवशी बाईंच्या हातात हिरवं निशाण दिलं होतं आणि त्यांनी ते दाखवलंही. बेकरीवाल्याची मुलगी आता घरून कॉलेजला जाते, निवृत्त पोस्टमन दोन्ही वेळा गाडी बघायला येतो. पुलाची फाईल उघडली आहे, असं पत्र आलं. तपासणी होईल, असं दुसरं पत्र आलं. कधी, ते दोन्हींत नाही. दर तीन महिन्यांनी बाई बसने जातात, पण गुडघे किती दिवस साथ देतील ते त्यांनाच ठाऊक.

रविवारच्या फोनची रीत मात्र धाकटीने बदलली. आता ती सुनेला मध्ये घेत नाही. फोन कानाला न लावता तोंडासमोर धरते आणि दहापंधरा मिनिटं एकटीच बोलते. आठवड्यात काय झालं, कोण आलं, कोण गेलं, काय शिवलं, रात्री झोप लागली की नाही. बाई नुसतं ऐकतात. त्यांना जे सांगायचं असतं ते त्या पत्रात लिहून पाठवतात. सगळ्यात शेवटी धाकटी विचारते, "पुलाचं काही कळलं का गं, ताई?" आणि उत्तर ऐकू येणार नाही हे माहीत असल्यामुळे, जराशी थांबून फोन ठेवून देते.